हरकत नाही

१

मुन्सफीत मुन्सफ बसल्याला सत्तर-पंचाहत्तर वर्षं होऊन गेली. तरी गुलमंडीमागच्या त्या बोळीत यायचं तर रिक्षावाल्याला 'मुन्सफी'च सांगावं लागे. 'शिवणवर्ग' म्हटलं की तो डोकं खाजवायचा.

निजामाच्या अमलात तिथं कोर्ट होतं. ते उठलं आणि मुलांची शाळा आली. शाळेला नवी इमारत मिळाली, मग रेशनचं दुकान आलं, त्यानंतर वाचनालय, आणि गेली एकोणीस वर्षं रत्नमाला साळवेंचा शिवणवर्ग. मधूनमधून मतदान केंद्र. करोनात तर लसीचं केंद्रही झालं. कामं बदलली, पण रीत तीच राहिली. कुणीतरी दाराशी उभं राहून नावं पुकारायचं आणि माणसांनी 'हजर' म्हणायचं.

आणखी एक गोष्ट जागची हलली नव्हती. साक्षीदाराला उभं करायचा सागवानी कठडा, डाव्या कोपऱ्यात, फरशीत पक्का रोवलेला. शाळेत मास्तर त्यात वांड पोरं उभी करत, रेशनवाल्यानं त्यात रॉकेलचे डबे ठेवले, लसीच्या वेळी सुई घेतलेली माणसं अर्धा तास त्याला टेकून बसायची. रत्नमालाताईंच्या बायका त्यावर तयार परकर आणि ब्लाऊज टाकायच्या. कठड्याची कुणालाच अडचण नव्हती, आणि रत्नमालाताईंना तर कशाचीच नव्हती.

"ताई, मशीन तेल मागायलंय." "हरकत नाही." "ताई, उद्या उशीर होईल, सासू कन्नडहून यायली." "हरकत नाही." कापड वाकडं कापलं तरी हरकत नाही, अन् सुई बोटात गेली तरी आधी हरकत नाही, मग चिंधी. वर्गात बायका त्यांची नक्कल करायच्या. सगळ्यात हुबेहूब करायची तबस्सुम. मान किंचित वाकडी करून, शेवटी हलकंसं हसू सोडून, "हरकत नाही, ताई." रत्नमालाताई स्वतः खो खो हसायच्या. तबस्सुम पहिल्या तुकडीतली, आता वर्गाची दुसरी शिक्षिका. दोघींचं जेवण एका डब्यात चालायचं. ताईंचा नवरा चितेगावच्या कंपनीतून घरी बसला त्या वर्षी तबस्सुमनं तीन महिने एकटीनं वर्ग ओढला होता आणि त्याचा उच्चारही कधी केला नव्हता.

त्या दिवशी हजेरी घेताना ताईंनी नेहमीसारखी मान खालीच ठेवली होती. मशिनी चालू. नावं पुकारायची, टिंब द्यायचं.

"लाइबा."

"हजर."

चहाच्या वेळी त्यांनी लाइबाला सुईदोरा मागितला, तर सगळ्याजणी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"लाइबा कुठंय, ताई? ती तर सिल्लोडला गेलीय. मामूच्या पोरीचं लगीन हाय ना."

"मग हजर कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. ताईंनी दटावून पाहिलं, हसून पाहिलं. एकमेकींची हजेरी लावायची खोड कुठल्या वर्गात नसते? पण आवाज लाइबाचा होता. नाकातला, जरा चिडका. तो इतक्या जणींत कुणाला जमण्यासारखा नव्हता. कान वाजले असतील, असं म्हणून त्यांनी टिंब खोडलं.

२

पुढच्या आठवड्यात दारावर नोटीस लागली. इमारत पुरातन आहे, तिथं कलादालन करायचं ठरतंय, 'ज्या कोणाची हरकत असेल' त्यांनी ती लेखी द्यावी आणि सुनावणीला समक्ष हजर राहावं. सुनावणी याच इमारतीत, दिवसा साडेअकराला.

वर्गात मशिनी थांबल्या. हे कलादालन म्हणजे काय ते तबस्सुमनं विचारून आणलं होतं. भिंतीवर फोटो, कोपऱ्यात कॉफी.

"मग आपण?"

"आपण कुठं? आपण मोकळं करून द्यायचं."

या बायकांपैकी बारा जणींच्या घरी मशीन ठेवायला जागा नव्हती. जिच्या घरी जागा होती तिला बसायला वेळ नव्हता. अकरा ते दोन हे तीन तास काय ते त्यांचे. त्या तीन तासांत कुणी त्यांना पाणी मागत नव्हतं. रत्नमालाताईंना हे न सांगता कळत होतं, कारण एकोणीस वर्षांपूर्वी त्या स्वतः याच तीन तासांसाठी इथं आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हरकत होती, आणि ती चांगली घशापर्यंत आली होती.

अर्ज तबस्सुमनं लिहिला. सगळ्यांची मिळून एकच हरकत. मुख्य अर्जदार म्हणून वर रत्नमालाताईंचं नाव, खाली सोळा सह्या, एक अंगठा.

"ताई, बोलायचं तुम्हीच हां," तबस्सुम म्हणाली. "अन् अल्ला के वास्ते उस दिन हरकत नाही मत बोलो."

सगळ्या हसल्या. ताईसुद्धा हसल्या. ते हसू संपल्यावर कठड्याकडून आणखी एक हसू आलं, जरासं मागाहून. हॉल उंच आहे, आवाज घुमतो, त्यात नवल काय.

३

अंगठा कडूबाईचा होता. कडूबाई मुन्सफी झाडायची, वाचनालयाच्या वेळेपासून. तिची एक तऱ्हा होती. आत ती चकार शब्द बोलत नसे. पाय उचला, तर झाडूनं खुणावणार. चहा हवा का, तर मान हलवणार. नव्या बायका तिला मुकी समजायच्या, जुन्या खडूस. पायरी उतरली की मात्र तोंडाचा पट्टा सुरू.

अर्ज दिला त्या दुपारी ताई कुलूप लावत होत्या. कडूबाई पायरीखाली बसली होती.

"ताई, सुनावणी हितं नका होऊ देऊ. दुसरीकडं मागा."

"का गं मावशी?"

"वाचनालयाचे गुरुजी आठवत्यात का?"

आठवत होते. तोंडावर रुमाल धरून बोळीतून जाणारे म्हातारे. धुळीचा त्रास असावा, असंच सगळ्यांना वाटायचं.

"धूळ नव्हती ती. वाचनालय उठलं तवा लोक म्हणले, गुरुजींनीच हो म्हणलं, आमच्या कानानं ऐकलं. गुरुजी मरंस्तवर सांगत होते, मी तोंड उघडलं नाय. कोण ऐकतंय? पोरगासुदीक बोलंना बापाशी." कडूबाईनं पायरीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मला इतकंच म्हणले, कडू, आत बोलू नको. मी का म्हणून नाय इचारलं. बोलायचं बंद केलं."

भिंतीला कान असतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढची चौकशी कुणी करत नाही. रत्नमालाताईंनीही केली नाही. त्या विहारात वाढलेल्या, भूतपिशाच्च मानणाऱ्यातल्या नव्हत्या. बाबासाहेबांनी बुद्धी वापरायला सांगितलंय, असं त्या वर्गातल्या पोरींना नेहमी ऐकवायच्या.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्या दहालाच आल्या, एकट्या. झरोक्यातून ऊन आलेलं. कठड्यावर परकर वाळत असल्यासारखे लोंबत होते. त्यांनी जुनं हजेरीपुस्तक काढलं, एक नाव निवडलं. राजनंदिनी, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी नाशिकला गेलेली.

"राजनंदिनी."

बोळीत भंगारवाला ओरडत गेला. ताईंनी त्याचा आवाज दूर जाऊ दिला. मग पुन्हा म्हटलं, "राजनंदिनी."

"हजर."

परकरांच्या मागून. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिची सवय होती, शब्द दाताखालून यायचा. तसाच आला.

ताईंनी पुस्तक मिटलं. बाहेर कुणी असेल, शेजारच्या घरातून आलं असेल, हे सगळं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते पटलंही. पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव होतं. बुद्धी वापरणाऱ्या बाईनं तेही पुकारून पाहायला हवं होतं. ते काही त्यांच्यानं झालं नाही.

तबस्सुमला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "ताई, मलापण एकदा आवाज आला होता. माझाच. मी बोलले नाय तुम्हाला, म्हटलं तुम्ही मला येडी समजाल." मग तिनं ताईंचा हात दाबला. "सुनावणीला मी मागंच उभी राहीन. घाबरू नका."

४

सुनावणीच्या दिवशी हॉल झाडून लख्ख केलेला होता. साहेब येणार म्हणून कठड्यावरचे परकर, ब्लाऊज सगळे काढून ठेवले होते. समोर टेबल, टेबलामागे साहेब आणि कागद. बायका सतरंजीवर. रत्नमालाताई टेबलापुढे उभ्या, पाठ बायकांकडे. त्यांच्या खांद्यामागे तबस्सुम. शिपाई गोकुळ दाराशी. कडूबाई आतच आली नव्हती, पायरीवरून मान उंच करून बघत होती.

ताईंनी पोपटी लुगडं नेसलं होतं, ठेवणीतलं. घाईत बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायचं टोपण, काढायचं राहून गेलं होतं.

"रत्नमाला कचरू साळवे," गोकुळनं पुकारलं. तीनदा पुकारायची जुनी रीत, ती कुणी शिकवली नव्हती तरी त्यानं तोंड पुन्हा उघडलं.

ताईंनी घसा साफ केला.

"हजर."

डावीकडून आलं. ताईंचं तोंड अजून बंदच होतं.

साहेबांनी मान वर केली नाही. "बोला. काय म्हणणं आहे तुमचं?"

ताईंना बोलायचं होतं. आठ दिवस पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण मान आपोआप डावीकडे वळली. रिकाम्या केलेल्या कठड्यावर पोपटी पदर पडला होता. त्यांनी आपल्या खांद्यावर हात नेला. पदर तर तिथंच होता. पुन्हा पाहिलं तेव्हा कठड्याच्या वरच्या दांड्यावर चार बोटं टेकलेली दिसली, मधल्या बोटात अंगुस्तान. त्यामागे अंधार होता, आणि भर दिवसा तिथं अंधार असायचं काही कारण नव्हतं.

"हरकत नाही," तो आवाज म्हणाला. मान वाकडी केल्यासारखा, शेवटी हलकंसं हसू सोडून.

सतरंजीवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

साहेबांचं पेन चालू होतं. "मुख्य अर्जदारांची हरकत नाही."

"नाही! मी नाही बोलले!" ताई ओरडल्या. "साहेब, हरकत आहे! आम्हा सगळ्यांची आहे!"

"बाई, आत्ता सगळ्यांसमोर म्हणालात."

"मी नाही म्हणाले. ही माझ्यामागं उभी आहे. हिला विचारा." ताईंचे डोळे कठड्यावरून सुटत नव्हते. बोटं आता दिसत नव्हती. "तबस्सुम, सांग साहेबांना."

मग आवाज आला, अगदी ओळखीचा, रोज एका डब्यात जेवणारीचा.

"ताई बोलल्या. मी ऐकलं."

ताईंनी वळून पाहिलं नाही. वळून काय बघायचं? एखादीनं तोंडावर थुंकलं तर ती कोण हे बघायला लागत नाही. त्या तशाच सरळ चालत दाराबाहेर पडल्या. पायरीवर कडूबाईनं त्यांचा हात धरला. तो त्यांनी झिडकारला.

५

जागा पंधरा दिवसांत मोकळी करायची होती.

बातमी बोळीतून फिरायला वेळ लागला नाही. रत्नमालाबाई विकली गेली. खाल्ल्या घरचे वासे मोजले. कलादालनात तिला खुर्ची मिळणार आहे म्हणे. ज्या बायकांना त्यांनी सुईत दोरा ओवायला शिकवला त्या भाजीच्या गाड्यावर त्यांना बघून पलीकडे व्हायच्या. चंपाबाईनं तर तोंडावर सांगितलं, "ताई, हरकत नव्हती तर आमच्या सह्या कशाला घेतल्या?"

त्यांना काय सांगायचं? कठड्यात मीच उभी होते असं? नवऱ्याला सांगून पाहिलं. कचरूनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सवयीनं निघून गेलं असंल तुझ्या तोंडातून. तुला कळलं नसंल." तो प्रेमानंच म्हणाला. तेच जास्त लागलं.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तबस्सुम. बायकांनी पाठमोरं पाहिलं होतं, त्यांची काय चूक? पण तबस्सुम खांद्याशी उभी होती. तिला सगळं माहीत होतं, तिनं स्वतःचा आवाज ऐकला होता, आणि तिनं केसानं गळा कापला. भीतीनं कापला की कशाच्या आशेनं, ताईंना कळेना, आणि कळून घ्यायचीही इच्छा नव्हती. फोन आले, सात-आठ आले. ताईंनी उचलले नाहीत. नवव्यांदा उचलला तो एवढंच म्हणायला, "तुझं तोंड बघायचं नाही मला. मेलीस माझ्यासाठी." आणि ठेवून दिला. बारा दिवस त्या एकट्या जेवल्या. डबा मोठा वाटायचा.

६

तेराव्या दिवशी दुपारी टेम्पो आला. बायका आत मशिनी उचलायच्या तयारीला लागल्या होत्या, कुणाची कुठल्या नातेवाइकाकडे, कुणाची माळ्यावर जायची. ताई फक्त आपली कात्री न्यायला आल्या आणि पायरीखालीच, कडूबाईजवळ थांबल्या. आत पाय टाकवेना.

बोळीच्या तोंडातून तबस्सुम आली. अर्धी झाली होती. ती येऊन ताईंच्या समोर उभी राहिली, पायरीच्या खाली, मशिनींच्या आवाजापासून दोन हातांवर.

"ताई, फक्त एकदा ऐकून घ्या."

"त्या दिवशी ऐकलं की."

"काय ऐकलं?"

"आता तेही मीच सांगू? ताई बोलल्या, मी ऐकलं. कोण म्हणालं ते?"

तबस्सुमचे डोळे भरले. "मी नाय म्हणाले. तुम्ही सांग म्हणल्या, मी तोंड उघडलं, पण आवाजच निघंना ताई. अन् तेवढ्यात तिकडून आला. कोपऱ्यातून. माझा. तुम्ही वळून बघितलं असतं तर दिसलं असतं तुम्हाला, मी तोंडावर हात धरून उभी होते. मला वाटलं तुम्ही वळाल. मी वाट बघत होते."

"खोटं नको बोलू," ताई म्हणाल्या. पण आवाज पहिल्यासारखा कडक नव्हता.

"कसम से ताई."

"मी माझ्या कानानं ऐकलं तबस्सुम. माझ्या कानानं."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि ताईंना चंपाबाई आठवली, कचरू आठवला, रुमालवाले गुरुजी आठवले. पण माणूस इतक्या सहज हरत नाही. त्या आणखी काही बोलणार होत्या.

आत लाइबा कुणाला तरी विचारत होती. दार सताड उघडं होतं, शब्दन् शब्द येत होता. "आपा, खरं सांगा ना. ताई खरंच बोलल्या होत्या का त्या दिवशी?"

लाइबा तबस्सुमला आपा म्हणायची. दुसऱ्या कुणालाच नाही.

आणि आतून, कोपऱ्याकडून, तबस्सुमच्या आवाजात शांतपणे उत्तर आलं. "व्हय. माझ्यासमोर बोलल्या. ओठ हललेले बघितले मी."

तबस्सुम पायरीखाली ताईंच्या समोर उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं, बोटं पांढरी पडली होती. आत कुणीतरी सुस्कारा सोडला. कुणीतरी 'जाऊ दे' म्हणालं. मशीन फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. आतल्या एकीलाही आपण कुणाशी बोलतोय हे मान वर करून बघावंसं वाटलं नव्हतं. हजेरी घेताना ताईंनी तरी एकोणीस वर्षांत कधी बघितलं होतं?

ताई पायरीवर बसणार होत्या, पण कडूबाईनं मागून धरून त्यांना खाली, बोळीच्या दगडावर बसवलं. बारा दिवस. 'मेलीस माझ्यासाठी' हे तर त्या स्वतःच्या तोंडानं बोलल्या होत्या, स्वतःच्या घरात, फोनवर. ते कठड्यावर ढकलता येणार नव्हतं.

"तबस्सुम," त्या म्हणाल्या. रडू आवरत नव्हतं, त्यांनी ते आवरलंही नाही. "माझं चुकलं गं. लोकांनी माझं केलं तेच मी तुझं केलं. मला माफ करशील का?"

तबस्सुमनं तोंडावरचे हात काढले नाहीत. ती ताईंकडे बघत राहिली.

उत्तर आतून आलं, कोपऱ्याकडून. मान किंचित वाकडी केल्यासारखं, शेवटी हलकंसं हसू सोडून.

"हरकत नाही, ताई."

ताईंनी तबस्सुमच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं मात्र हरकत दिसत होती.